बरणीवरचे नाव

९ नोव्हेंबर १९८३, मुळशी

आज सकाळी कन्या इंदुमतीसह येथे पोहोचलो. संशोधन केंद्र धरणाच्या पाण्यावरील उतारावर आहे. आम्हांस मिळालेल्या दोन खोल्या हवेशीर असून प्रयोगशाळेस लागूनच आहेत. चित्त प्रसन्न झाले. आयुष्यभर मुलांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारणाऱ्या माणसास निवृत्तीनंतर याहून शोभेसे काम मिळाले नसते. ज्या स्त्रियांचे गर्भ वारंवार पडतात त्यांची हकीकत शुद्ध मराठीत उतरवून घ्यायची आणि तपासणीचे नमुने नीट लावून ठेवायचे. केंद्राच्या प्रमुख डॉ. आगटेबाई यांनी माझ्या मुलीस प्रयोगात घेतले, हाच माझा खरा मोबदला. इंदूची तीन मुले पोटातच गेली. हे चौथे. हे टिकले पाहिजे.

सामान उतरवताना येथील मदतनीस चांगुणाबाई, ज्या पूर्वी सुईणपण करीत, यांनी इंदूस विचारले की तुझे वडील भाजी मागतानाही असेच पुस्तकातल्यासारखे बोलतात काय. इंदू हसली. फार दिवसांनी हसली.

१४ नोव्हेंबर

डॉक्टरांनी आज मला प्रयोगाचे सूत्र समजावून दिले. बाळाचा अर्धा अंश पित्याचा असतो. काही स्त्रियांचे शरीर त्यास परका समजून बाहेर घालवीत असावे, असा त्यांचा तर्क आहे. म्हणून नवऱ्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशी निराळ्या करून त्या बायकोस टोचायच्या, म्हणजे शरीरास ओळख पटेल. हे अद्याप सिद्ध झालेले नाही, असे त्या स्वतःच बजावतात. जावयांनी रक्त दिले आणि ते पुण्यास नोकरीवर परतले. जवळच्याच नांदे गावच्या साळूबाई व चांदे गावच्या जाईबाई याही इंदूप्रमाणेच येथे टोचून घेतात. दोघींच्याही कुशी यापूर्वी वारंवार रित्या झालेल्या आहेत.

पडलेले गर्भ इकडे चिंध्यांत गुंडाळून परसात पुरतात. डॉक्टरांनी घरोघरी समजूत घालून ते तपासणीसाठी मागून घेतले. भिंतीवरील फळीवर त्यांच्या बरण्या आहेत. मी तिकडे पाठ करून बसतो.

२२ नोव्हेंबर

बरण्यांवरील कागदी चिठ्ठ्या औषधाने सुटतात. परवा दोन बरण्यांची अदलाबदल झाली. असा गबाळेपणा मला सहन होत नाही. काचेवर कोरण्याची हिऱ्याची लेखणी मागून घेतली आणि प्रत्येक बरणीवर आईचे नाव खोल कोरले. अक्षर वळणदार उमटले. हात बसलेला असतानाच, सध्या ज्या गरोदर आहेत त्यांच्याही रिकाम्या बरण्या तयार करून फळीवर मांडल्या: साळूबाई, जाईबाई, इंदुमती. आयत्या वेळी धांदल नको. आपल्या मुलीपुरता अपवाद करणे मला अप्रशस्त वाटले.

चांगुणाबाई केरसुणी हातात तशीच धरून उभ्या राहिल्या.

"मास्तर, मूल येईस्तोवर आमी अंगडं शिवत न्हाई, पाळणा आणत न्हाई. आन तुमी बरणी मांडली व्हय?"

मी त्यांस रिकाम्या भांड्याने काही घडत नसते, हे समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, मग पुसून टाका. कोरलेले पुसता येत नाही, असे मी सांगितले.

३ डिसेंबर

साळूबाईंच्या बरणीत पाणी आढळले. झाकण घट्ट होते. डॉक्टर म्हणाल्या की आतली वाफ थंड होऊन साचली असेल. मी चांगुणाबाईंच्या निष्काळजीपणास बोल लावला, पाणी मोरीत ओतले आणि बरणी कोरडी पुसून उन्हात ठेवली. पाणी कोमट होते, याचे नवल वाटले.

दुपारी केंद्राची जीप साळूबाईंना घेऊन आली. गर्भ गेला. त्यांची बरणी वापरावी लागली.

१७ डिसेंबर

आज जाईबाईंच्या बरणीत तसेच पाणी. मी ओतून टाकले. संध्याकाळच्या आत त्याही आल्या, नवऱ्याच्या खांद्यावर मान टाकून.

म्हणजे पाणी ही पूर्वसूचना होय. इंदूची बरणी अद्याप कोरडी आहे. तिच्यावर नाव राहता कामा नये.

१८ डिसेंबर

हिऱ्याच्याच लेखणीने इंदूचे नाव खरवडले. नाव गेले नाही. 'इं'वरील टिंबापासून केसाएवढी चीर मात्र पडली. बरणी फोडून पुरावी, असा विचार मनात आला. परंतु चांगुणाबाईंनी माझे मनगट धरले. नावाची वस्तू फोडू नका, इतकेच त्या म्हणाल्या.

२९ डिसेंबर

पाणी आले.

ओतण्यासाठी बरणी उचलली. उबदार होती. आतून माझ्या तळव्यास काहीतरी टेकले, ढुसणी द्यावी तसे. त्याच क्षणी शेजारच्या खोलीतून इंदू म्हणाली, "बाबा, आत्ता हललं हो. पहिल्यांदाच."

मी बरणी खाली ठेवली.

ती सूचना नव्हती. ते पोटातल्या बाळाभोवतीचेच पाणी होते. साळूबाईंचे मी मोरीत ओतले. जाईबाईंचेही. माझ्या हातांनी, आणि वर पुसून काढले.

२ जानेवारी १९८४

डॉक्टरांना सारे सांगितले. त्यांनी माझी नाडी पाहिली आणि मला विश्रांती घेण्यास सांगितले. इंदूस तपासले, सर्व ठीक आहे. बरणी माझ्या खोलीत आणली आहे. चिरेवर मेण लावले. पाणी रोज थोडे वाढते. आता चिरेच्या वर गेले आहे.

चांगुणाबाई दारात बसून असतात. मेण त्याच आणून देतात.

५ जानेवारी

चीर 'दु'पर्यंत आली. मेण उबेने पाघळते. दुसऱ्या बरणीत ओतावे, तर ओतणेच ते — नाही. हलवायचेच नाही.

इंदू विचारते की मी जेवायला का येत नाही. बाळाने आज दिवसभर दंगा मांडला आहे, असे सांगताना ती हसत होती. काच हादरत होती.

६ जानेवारी

बरणी मांडीवर. डावा अंगठा चिरेवर. लिहिताना माझा हात स्थिर राहतो, म्हणूनच लिहितो आहे.

चीर 'म'पाशी — चांगुणाबाई डॉक्टरांना आणायला धावल्या आहेत —

अंगठ्याखालून ओल. मनगटावर. पान भिजले — 

शेजारच्या खोलीतून इंदू — "बाबा, अंथरूण ओलं का लागतंय मला?"

हलू नकोस म्हणालो. बाळे, हलू नकोस, मी धरले आहे, मी धर