स्वारगेटच्या मुक्ताबाई

प्रिय अपू,

तू पाठवलेले लाडू पोचले. कडक आहेत, पण दात अजून माझेच आहेत, तेव्हा काळजी नको. तुझ्या ह्या भावाला, शुभंकरला, हिंजवडीहून यायला रोज उशीर होतो, तोवर डबा अर्धा होतो.

रविवारी तुझा फोन आला की तो स्पीकरवर टाकतो. तू विचारतेस, ‘बाबा, ऐकताय ना?’ मी मान हलवतो. फोनला मान कुठे दिसते? मग शुभंकरच सांगतो, ‘ऐकताहेत.’ दिवाळीतल्या त्या झटक्यानंतर हातपाय सावरले, लिहितावाचता येतं, समजतं सगळं. शब्द मात्र जिभेपर्यंत यायचा आणि माघारी फिरायचा. ज्याने वाशिमच्या बाजारात उभा जन्म तुरीच्या लिलावाचा हर्रास पुकारला, त्याने पाणी मागायला खुणा करायच्या! लाजेने मी धायरीच्या ह्या फ्लॅटबाहेर पडणंच सोडलं होतं.

शेवटी शुभंकरने मला बळेच इथल्या ज्येष्ठ नागरिक संघात नेऊन बसवलं. तिथल्या मुक्ताबाईंना त्याने माझी अडचण सांगितली, तर म्हणाल्या, ‘अहो, उत्तमच! न बोलणारा सभासद आम्हाला पहिल्यांदाच मिळतोय. बाकीच्यांना आवरता आवरता माझा घसा बसतो.’ सगळे हसले. मीसुद्धा.

काय बाई आहे, अपू! तरुणपणी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. मग एसटीत लागल्या आणि स्वारगेटला लाउडस्पीकरवरून गाड्या पुकारायच्या. नवरा अचानक गेला, पदरी दोन मुली. नोकरी सांभाळून नारायण पेठेतल्या खोलीतून विद्यार्थ्यांना डबे दिले, मुली शिकवल्या. साठी उलटल्यावर पोहायला शिकल्या. बुद्धिबळात मला रोज हरवतात. सध्या कन्नड शिकताहेत. का, तर शेजारीण आपल्याबद्दल फोनवर काय बोलते ते कळायला हवं!

एकदा डाव मांडताना मी कागदावर लिहून दाखवलं, की मी हर्रास पुकारायचो. त्यांनी हातातला घोडा खाली ठेवला. ‘म्हणजे दोघंही ओरडून पोट भरलेले! मग असे गप्प काय बसलात?’ वाचा-उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईही म्हणाल्याच होत्या, की चालीतले शब्द कधी कधी आधी परततात. दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. मुक्ताबाई त्यांच्या त्या जुन्या लांबट सुरात म्हणायच्या, ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे...’ आणि पुढे गावाचं नाव मी घ्यायचं. सातारा म्हणायला जावं, तर नुसता ‘आ’ निघायचा. एका संध्याकाळी संतापाने मी पट उधळला आणि आठवडाभर तिकडे फिरकलो नाही. तेव्हा त्या घरी आल्या. लिफ्ट बंद होती, जिन्याने आल्या. धापा टाकत म्हणाल्या, ‘चहा टाका. आणि उद्या या. राग आला तर पट पुन्हा उधळा, मी उचलीन.’

तुम्ही दोघं मायेपोटी माझं वाक्य पुरं करून टाकायचात. त्याचा राग नाही. तुमच्या जागी मीही तेच केलं असतं. पण ह्या बाईंनी माझा एकही शब्द स्वतः पुरा केला नाही. हात मांडीवर ठेवून थांबायच्या, जणू त्यांना दुसरं कामच नव्हतं. आणि एका संध्याकाळी माझ्या तोंडून ‘फलटण’ आलं. स्वच्छ, ‘ण’सकट. त्या उठून खिडकीशी गेल्या, पदराने डोळे टिपले आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, ‘आली एकदाची फलटणची गाडी.’ त्यानंतर गावामागून गाव येत गेलं. परवा दुकानात मी स्वतःच्या तोंडाने साखर मागितली. दुकानदाराने नुसती पुडी पुढे केली. त्याला काय ठाऊक!

हे शुभंकरला माहीत आहे. तुला सांगू नको, असं मीच त्याला बजावलं होतं, कारण एक शब्द अडून बसला होता. तुझं पूर्ण नाव. बारशाला तुझी आई म्हणाली होती, सोपं काहीतरी ठेवा. मी ऐकलं नाही. त्यातला तो ‘क्ष’ मला महिनाभर दाद देत नव्हता. काल सकाळी आला. पुन्हा म्हणून पाहिलं, पुन्हा आला. म्हणून आज हे पत्र. येत्या रविवारी तू फोन करू नकोस, मी करणार आहे. आवाज जड लागेल, वेळही लागेल. घाबरू नकोस, मधे बोलू नकोस. मला तुला हाक मारायची आहे.

तुझाच,
बाबा