यादीचा क्रम

माननीय दादा,

(आता घरातही असंच म्हणायचं, असं वहिनी म्हणाली.)

दंगलीतल्या मृतांच्या स्मारकावर कोरायला पाठवलेली सतरा नावं मिळाली. तुझं भाषणही ऐकलं. काय गहिवरलास रे! निवडणूक आली की तुला बरोबर पाझर फुटतो. वर म्हणतोस, "त्या दिवशी मी शहरातच नव्हतो."

वीस वर्षं मी दगडावर नावं कोरतोय. लोक अक्षरांच्या नाहीतर वयाच्या क्रमानं यादी देतात. तुझी यादी शिंप्यापासून सुरू होते, मग बेकरीवाला, मग मास्तरीणबाई आणि त्यांची सासू, असं करत करत शेवटी सतरावा, कोपऱ्यावरचा घड्याळवाला. त्या दुपारी घरं याच क्रमानं पेटली होती. तुझा सेक्रेटरी कौतुकानं सांगत होता, "साहेबांनी एका बैठकीत, न अडखळता लिहून दिली." पाठच आहे की तुला!

हे पत्र पोलिसांकडेच न्यावं असं वाटलं. पण ते आधी विचारतील, हा क्रम तुम्हाला कसा ठाऊक? रॉकेलचा डबा घेऊन तुझ्यामागून मीच चालत होतो.

म्हणून पत्र खणात ठेवतोय आणि नावं तू दिलीस तशीच कोरतोय.

अजूनही तुझ्या मागेच,
धाकटा