विटेवरची दुसरी वीट

बुधवार, संध्याकाळ

आजही विटेवर दुसरी वीट. तिसरा दिवस हा.

परसात मी रंगवलेलं भंगार तारांना मागेपुढे टांगलंय. डब्यांची झाकणं, मोडके विळे, नांगराचा फाळ. समोरच्या विटेवर उभं राहून एक डोळा मिटला की त्या सगळ्याचा बैल होतो. तेवढ्याच जागेवरून. दुसऱ्या विटेवर चढून पाहिलं तर शिंग डोक्यापासून सुटलेलं.

शेजारचे वामनराव परवा फाटकाशी उगाच रेंगाळत होते. थट्टा करतात का माझी? तोंडावर "वा, जिवंत बैल" म्हणायचं आणि मागून वीट चढवायची?

शेवटी चहा घेताना बायकोला, सुमनला विचारलं, वामनराव आत आले होते का.

"ते कशाले येतीन? वीट मीच ठेवली. तिच्यावरून मले बैल दिसते. खालून नुसतं भंगार."

"मग पहिल्या दिवशी 'मस्त दिसते' काऊन म्हणाली?"

"तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहून राह्यले होते ना."

ती माझ्याहून चार बोटं ठेंगणी. तीस वर्षं शेजारी उभी आहे, आणि बैल मी माझ्याच डोळ्याच्या उंचीवर बांधला.

पण मग बाकीचे? आठवड्यात दहाबारा जण येऊन गेले. सगळ्यांनी त्याच विटेवरून डोळा मिटला, सगळ्यांना बैल दिसला. मघापासून एकेकाला आठवतोय. बरोबर माझ्या उंचीचा त्यांत एकही नव्हता.