तीन ते पाच

सोमवार, ४ फेब्रुवारी २००२
॥ श्री ॥ नवीन जालन्यातल्या बियाणे कंपनीत मी आजपासून कामाला लागले. मॅट्रिकचं वीस वर्षांनी चीज झालं! खुर्चीला गादी आहे, ती घरी नेऊन उन्हात घालीन. काम सोपं. कॉम्प्युटरनं एखादी फाइल मागितली की ती हाती येईपर्यंत तो किती सेकंद थांबला, हे पडद्यावर दिसतं. ते रजिस्टरात जसंच्या तसं उतरवायचं. इंजिनिअरनं बजावलं, थांबला म्हणजे फाइल दुसऱ्या कोणीतरी धरून ठेवली. आकडा खोटा लिहाल तर धरणारा सापडायचा नाही.

बुधवार, ६
सगळ्या फाइली सेकंदाच्या आत येतात. फक्त हजेरीची दुपारी तीनला सतरा सेकंद अडली. त्या वेळी हजेरी कोणी उघडत नाही. हेडक्लार्क आबाराव हसले. म्हणे, वहिनी, शून्य टाका अन् चहा घ्या, मालनबाईनं तीन वर्षं शून्यच टाकलं. मालनबाई माझ्याआधी होत्या. दिवाळीत याच खुर्चीत तीनला गेल्या. पाचला झाडणारीनं हलवलं तेव्हा कळलं. तोवर सगळ्यांना वाटलं, बाई काम करून राह्यली.
गादी घरी आणली नाही.

सोमवार, ११
उपास. पाठ धरली, मानेवर सारखा गारवा. आज नऊशे सेकंद. हजेरी उघडून पाहिली. मालनबाई अजून रोज तीनला हजर. मी नऊशेच लिहिले. लिहिताना मानेवरचा गारवा गेला.

गुरुवार, १४
चार हजार. आकडा पाहून साहेब तापले. आबाराव म्हणाले, उद्या शून्य न्हाई दिसलं तं घरीच बसा. ह्यांचे पाय अधू, पोरीची बारावी. कोणाशी भांडू? थकले.

शुक्रवार, १५
देवा, क्षमा कर. शून्य लिहिलं.
गारवा गेला नाही.

शनिवार, १६
तीन वाजले. उठवत नाही. पाय, मग कंबर गार — आवाजही फुटत नाही. उजवा हात तेवढा चालतो, त्यानं ह्या वहीत लिहिते. पडद्यावर: हजेरीची फाइल अडली, कोणी धरली — माझं नाव.

सहाशे.

आबाराव येऊन गेले. म्हणाले, वहिनी, आज लई लिहून राह्यल्या. हसले. गेले.

तीन हजार. बोटं गार. मालनबाई, तुमचे सात हजार दोनशे होते ना? खरा आकडा लिहिते, आत्ता —

पण रजिस्टर आबारावांच्या टेबलावर. आजचं तेच भरून राह्यले. पेन उचललं. शून्याचा गोल काढला —

न्हाई, आबाराव, मी अजून थां