या खेपेला दगड नाही

प्रिय आई,

अंटार्क्टिकातल्या तंबूतून लिहितेय. तू विणलेले मोजे उबदार आहेत. परवा आम्ही शिखरावर पोचलो. वारा बेताचाच होता. उतरताना मी बर्फाच्या भेगेत कमरेपर्यंत गेले, पण दोर होता. दोराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या टाईनं ओढून काढलं. "आईच्या हातचं खाऊन जड झालीयेस," म्हणाला. त्याची दोन बोटं बधिर आहेत. हे त्याच्या बायकोला कळवू नकोस.

मेंढ्या कातरून झाल्या? तुझा गुडघा कसा आहे?

बाबांसारखाच प्रत्येक शिखरावरचा दगड मी तुझ्या खिडकीत आणून ठेवते. यंदाही उचलला होता, पण इथून खडाही न्यायला बंदी आहे, म्हणून जागेवर ठेवला. बाबांच्या शेवटच्या शिखरावरून दगडही आला नाही आणि बाबाही, हे विसरले नाहीये मी. तेव्हा खिडकीकडे बघत बसू नकोस. फाटकाकडे बघ.

तुझीच,
ब्रायर