मी शिवलेल्या सात नळ्या

६ एप्रिल

डॉक्टरांनी तारीख दिली. एकवीस. बाबांच्या पोटातल्या मुख्य रक्तवाहिनीला फुगा आलाय, साडेसहा सेंटिमीटरचा. तो फुटायच्या आत वाहिनीत दुसरी नळी बसवायची — कापडाची, तारेची कडी लावलेली. जांघेतून सरकवत न्यायची. पोट फाडायचं नाही, बाबांचं हृदय ते सोसणार नाही. त्यांची वाहिनी वाकडीतिकडी, म्हणून तयार नळी चालत नाही. मापाची लागते. "शिवून झालीय," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या आठवड्यात येईल."

बाबांना राहवलं नाही. "ही शिवते त्या नळ्या! माझी सून. त्याच कारखान्यात."

डॉक्टरांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "मग तर काळजीच मिटली."

मी हात पर्सखाली घेतले.

७ एप्रिल

इथे तरी लिहून टाकते. दुपारी तीननंतर डाव्या डोळ्याला एका दोऱ्याचे दोन दिसतात. महिना झाला. कोणाला सांगितलेलं नाही.

८ एप्रिल

मापाच्या नळ्या आम्ही चौघीच शिवतो. काचेच्या खोलीत, डोक्यापासून पायापर्यंत झाकून, मायक्रोस्कोपला डोळे लावून. नळीवर पेशंटचं नाव नसतं, नुसता नंबर. बाबांची कोणी शिवली कळायला मार्ग नाही. माझी असेल, नसेलही.

आज नोंदी पाहिल्या. डोळ्याचं सुरू झाल्यापासून माझ्या हातून सात गेल्या. सातही तपासणीत पास. पण तपासणीत टाका दिसतो, त्याचा ताण दिसत नाही. तो बोटांना कळतो. वरच्या कड्याचा टाका सैल राहिला तर नळी हळूहळू खाली सरकते आणि रक्त पुन्हा फुग्यात शिरतं. नव्या बायकांना हे मीच शिकवते.

मागच्या महिन्यात एका दुपारी वरचं कडं मी अंदाजाने शिवलं. कुठल्या नळीचं, आठवत नाही. आठवून आठवून डोकं उठलं.

१० एप्रिल

सुट्टी टाकून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. मोतीबिंदू, सुरुवात आहे म्हणाले. काम काय करता? म्हटलं, शिवणकाम.

"मग जाड सुई घ्या. बटण थोडं इकडेतिकडे लागलं म्हणून कोणी मरत नाही."

बाहेर पायरीवरच बसले.

११ एप्रिल

तपासणीच्या साहेबांना सांगितलं. सगळं. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ऐकत राहिले.

"कधीपासून?"

"महिना झाला."

"आणि आज सांगताय."

सातांपैकी एकही अजून कोणाला बसवलेली नाही, तेवढं नशीब. सातही परत मागवल्या. उसवून बघणार. मला उद्यापासून पॅकिंगला टाकलं.

संध्याकाळी दवाखान्यातून फोन. बाबांची नळी थांबवलीय. नवी शिवून यायला वेळ लागेल. तारीख बारा मे.

म्हणजे माझीच होती.

१२ एप्रिल

बाबांना सांगितलं. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, लपवणार तरी काय! ते पेपर वाचत होते. पेपर खाली ठेवला नाही.

"सांगितलंस ते बरं केलंस," पेपरामागून म्हणाले. मग पान उलटून — "पण महिनाभर का गप्प बसलीस?"

मी भाजी निवडायला घेतली. उत्तर होतं. त्या खोलीतून बाहेर काढतील ही भीती. चौघींत माझा हात सगळ्यात चांगला असं सगळे म्हणतात, ते सुटवेना. एवढंच. एवढ्यासाठी.

१३ एप्रिल

बाबा बोलत नाहीत. टीव्हीचा आवाजही वाढवत नाहीत. रोज त्यावरून भांडतो आम्ही.

१६ एप्रिल

आज स्वतःहून विचारलं, "माझी आता कोण शिवतंय?"

"डावखुरी." आमच्यातली एक. सगळे तिला डावखुरीच म्हणतात.

"हात कसा आहे तिचा?"

"माझ्यापेक्षा बरा."

"हात तुझ्याइतकाच असू दे. डोळा बरा असला की झालं."

आणि टीव्ही मोठा केला. इतका मोठा की शेजारच्या काकूंनी भिंतीवर थाप मारली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

२१ एप्रिल

आज ऑपरेशन झालं असतं. बाबांनी कुंड्यांना पाणी घातलं, दाढी केली, सायकलच्या पंक्चरवरून दुकानदाराशी वाद घालून आले. मी दिवसभर खोक्यांवर लेबलं चिकटवली. दर तासाला घरी फोन.

"जिवंत आहे," म्हणतात आणि ठेवून देतात.

२५ एप्रिल

बाबांना पाठ दुखतेय का विचारलं; पाठ दुखली तर लगेच कळवा असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. नाही म्हणाले. उठताना भिंतीला हात लावला ते मी पाहिलं. डॉक्टरांना फोन केला. उद्या सकाळी दहाला घेऊन या म्हणाले.

२८ एप्रिल

परवा सकाळी आठला. बाबा मोजे घालत होते, दवाखान्यात जायचं म्हणून. एक पायात, एक हातात. "सूनबाई, पाठीत काहीतरी तुटलं," एवढंच म्हणाले आणि कॉटवर आडवे झाले. चेहरा पांढराफटक. अँब्युलन्स लवकर आली. आत त्यांनी माझं मनगट धरलं होतं.

"गॅस बंद केलास ना?"

"केला, बाबा."

टेबलावर घेईपर्यंत गेले होते.

१ मे

डॉक्टर भेटले. "एकवीसला झालं असतं तर—" म्हणाले आणि थांबले. पुढचं मी घरी येईपर्यंत मनात म्हणत होते.

नणंद चार दिवस इथेच आहे. बाबांचे कपडे घड्या करून पिशवीत भरत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला कोणी विचारलं होतं का गं? नळी पास झाली होती ना?"

हो. पास झाली होती.

४ मे

नणंद गेली. बाबांचा दुसरा मोजा कॉटखाली सापडला.

९ मे

साहेबांचा फोन. सातही उसवून झाल्या. सहा ठीक. एकीच्या वरच्या कड्याचे चार टाके सैल निघाले, चिमटा लावताच सुटले. ती ज्या माणसाची होती त्याला अठरा एप्रिलला बसवायची होती. आता नवी बसवलीय, तो घरीसुद्धा गेला.

"आणि आमच्या बाबांची?" मी विचारलं.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"ती चांगली होती. सातांत सगळ्यात चांगली."