भट्टीच्या नंबरावरून

सोमवार, ३ नोव्हेंबर
नवा फोन बसवायला निकिता आली, हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपनीची. वेळेवर आली, हे एक बरं. आता फोन इंटरनेटवर चालणार. कॉल उचलला गेला नाही की कंपनीच्या चॅट ग्रुपमध्ये आपोआप दिसणार. तिला सांगितलं, आमच्याकडे न उचललेला कॉल हाच निरोप असतो. प्रेस शॉपच्या धडधडीत बोललेलं ऐकू येत नाही, घंटा तेवढी येते. एक रिंग देऊन कट केलं तर माल तयार. दोन म्हणजे पाळी संपली, बदलीचा माणूस पाठवा. तीन म्हणजे हातातलं टाकून धावा.
हसली. म्हणे सॉफ्टवेअर सलग मिस कॉल एकत्र करून एकच दाखवतं. म्हटलं, मग ते बदल. बदलून मगच जेवायला गेली.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
नि.चा नवा हट्ट. प्रत्येक नंबराला एका माणसाचं नाव हवं. आमचे नंबर खोल्यांचे, माणसं येतात-जातात. भट्टीच्या नंबराला तिने जुन्या एक्स्चेंजमधलंच नाव उचललं : सोपान शेवाळे. सोपान जाऊन दोन वर्षं झाली. भट्टीमागच्या खोलीत, खुर्चीवर बसल्या बसल्या. हार्ट. पाळी संपली होती. बदलीला बालाजी यायचा होता, त्याची आळंदीहून येणारी बस चुकली. आता त्या खुर्चीवर बालाजीच बसतो.
नाव काढायला सांगितलं. करते म्हणाली.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
गुरुवारची साप्ताहिक सुट्टी साधून जुनं एक्स्चेंज काढलं. भट्टीमागे नवी केबल पोचलेलीच नाही. जुना फोन गेला, नवा नाही. मालकांना, म्हणजे दादांना, फोन केला.
"व्हईल की बाई आठवड्यात. तवर बालाजी काय परदेशी चाललाय व्हय?"
भट्टीपाशी मोबाइल न्यायचा नाही, हा नियम माझाच. म्हणजे आठवडाभर माणूस आत एकटा आणि हाक मारायची सोय नाही. पटलेलं नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
दुपारी ग्रुपवर : सोपान शेवाळे, मिस कॉल. पाठोपाठ दुसरा. तिसरा. प्रेसवरची माणसं धावली. बालाजी डबा खात होता. भिंतीवर फोनच्या जागी नुसती स्क्रूची भोकं.
नि.ला झापलं, नाव का नाही काढलं. काढलं होतं म्हणते, परत आलं. आणि त्या नंबराला कुठलाच फोन जोडलेला नाही, त्यावरून कॉल निघूच शकत नाही. मग हे काय? "मॅडम, मला माहीत नाही." हे वाक्य तिच्या तोंडून प्रथमच.

शनिवार, ८ नोव्हेंबर
पुन्हा तीन. पुन्हा पळापळ, पुन्हा काही नाही. फोर्कलिफ्टवाला म्हणाला, "सोपानराव मेले तरी ड्युटीवर, आन आपला बालाजी जित्तेपणी झोपलेला." सगळे हसले. बालाजी नाही. नंतर दाराशी येऊन उभा. "मॅडम, खुर्ची बदलून द्या."
का?
"गरम राहती. मी यायच्या आधीच."
भट्टीची धग असणार, म्हटलं. प्लास्टिकची दिली. जुनी तिथेच कोपऱ्यात.

सोमवार, १० नोव्हेंबर
दादा तापले. माणसं काम सोडून पळतात, तो नंबर ग्रुपमधून काढा. मी नाही म्हटलं. आधी केबल घाला, मग काढते. त्यांनी शॉपमध्ये उभं राहून सगळ्यांना बजावलं, कुणी पळायचं न्हाई.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
दुपारी ग्रुपवर पुन्हा तीन मिस कॉल. कोणी मान वर केली नाही. मीही कागदावरून नजर हलवली नाही, थोडा वेळ. मग उठले. या वयात पळणं शोभत नाही, पण ते चालणं नव्हतं. दार ढकललं तर धूर कोंडलेला, बाहेर फेकणारा पंखा बंद, बर्नर चालू. बालाजी जमिनीवर. फोर्कलिफ्टवाला माझ्या मागून आला होता, त्यानेच ओढून बाहेर काढलं.
डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर

बुधवार, १२ नोव्हेंबर
बालाजी बोलतो. "मॅडम, मी नाही बोलावलं. मला उठताच येईना. सोपानकाकांनीच हाक मारली बघा." त्याची बायको माझे हात सोडेना.
कंपनीत सगळे तेच म्हणतात. भट्टीच्या दाराला हार. कालपर्यंत चिडलेल्या दादांनी नारळ फोडला. "ऱ्हाऊ द्या बाई तो नंबर. राखणदार हाय आपला." मी विरोध केला नाही. पण शुक्रवारी पंखा चालू होता. शनिवारीही चालू होता. तेव्हा कशाला बोलावत होता?

गुरुवार, १३ नोव्हेंबर
पंखा नवा. केबल घातली, फोन लागला. नि.ने माझ्यासमोर नाव बदललं : बालाजी. एक रिंग देऊन पाहिली, बरोबर आली. मंगळवारपासून भट्टी पेटलेली नाही, खोलीत गारवा होता. निघताना त्या कोपऱ्यातल्या खुर्चीला हात लावला.
भंगारात टाकायला सांगितलं.

रविवार, १६ नोव्हेंबर
उद्या भट्टी सुरू. खोलीला कुलूप, किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये. दुपारी मोबाइल वाजला. ग्रुपवर : सोपान शेवाळे, मिस कॉल. नाव तेच, पुन्हा. पाठोपाठ दुसरा. तिसऱ्याची वाट पाहिली. माणसं पाठवायच्या तयारीत उभी होते.
तिसरा आला नाही. दोनच.
शॉपमध्ये कोणी काही विचारलं नाही. दोनचा अर्थ सगळ्यांना पाठ आहे : पाळी संपली, बदलीचा माणूस पाठवा. फोर्कलिफ्टवाला माझ्याकडे न बघता गाडी घेऊन गेला.
उद्याचा पाळीचा तक्ता सही करून फळ्यावर लावायचा आहे. संध्याकाळी बालाजीचा फोन आला. आवाज खणखणीत.
"मॅडम, उद्या येतो कामावर. ह्या वेळी बस चुकवणार नाही."
तक्त्यात भट्टीपुढची जागा अजून कोरीच आहे.